एका किटलीचा चहा

खरं सांगते, मला वाटलं होतं शांतता बैठकीत लोक भांडतील. ते तर कपाकडे बघत बसले.

निवडणुकीपासून तेलगावजवळच्या आमच्या गावात दोन जातींची दोन हॉटेलं झालीत. एकाच्या चहाला दुसरा शिवत नाही. मी नुकतीच दिल्लीहून शिकून आलेली, म्हणून बैठक मीच बोलावली.

"ताई, च्या कुणाच्या हॉटेलातला हाय?" म्हाताऱ्या नामाआबांनी कप नाकाशी नेत विचारलं.

"दोन्हीकडचा. एकाच किटलीत ओतलाय," मी कौतुकाने सांगितलं.

"म्हंजी ह्यात त्यांचा बी हाय?" आबांनी समोरच्या रांगेकडे बघितलं.

"आमी बी तेच इचारतोय," समोरून उत्तर आलं.

बैठकीत एकमत झालं ते एवढंच. सगळ्यांनी कप खाली ठेवले. माझ्या वडिलांनीसुद्धा.

घरी येताना मी चिडले. "अण्णा, तुम्ही तरी प्यायचा ना."

"आपली माणसं बघत होती, पोरी. उद्या आपल्या दारात कुणी येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, गावाची बैठक मागाहून. अण्णा आले तर त्यांच्यासोबत, नाहीतर एकटी, पण आजपासून सकाळचा चहा मी पलीकडच्या जातीच्या हॉटेलात पिणार, रस्त्याकडच्या बाकावर बसून.