तीनशे चाळीस सभासदांच्या वतीने

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय ज्ञानूआण्णा, आजचे सत्कारमूर्ती आणि येत्या सोमवारपासून दिल्लीकर होणारे आपले बोंद्रेसाहेब, व्यासपीठावरचे कंपनीचे अधिकारी, परदेशातून आलेले पाहुणे, ज्यांना माझं एक अक्षर कळणार नाही तरी जे मघापासून प्रेमानं मान हलवताहेत, समोर बसलेले कामगार बंधू-भगिनी आणि जेवणाच्या वासानं मागच्या दाराकडे सरकलेले मित्रहो,

आधी एक छोटा हिशेब मांडतो. माझ्या हातात हा रबरी शिक्का आहे. 'शिरूर-दौंड तालुका फ्रीज मेकॅनिक संघटना'. एकोणीसशे शहाण्णव साली तो करून घेतला. शिक्का पस्तीस रुपये, शाईचा पॅड बारा. सत्तेचाळीस रुपये साहेबांनी स्वतःच्या खिशातून दिले. पण त्याची खरी किंमत मला एका माणसात पडली. ती कशी, हे साहेबांचे गुणगान करता करता सांगून टाकतो. आण्णा, घड्याळाकडे बघू नका, बासुंदी कुठं पळून जात नाही.

मी संपत म्हस्कू कोकरे, मूळचा कवठे येमाईचा. माझा बाप मेंढरं राखायचा. शंभर मेंढरांत कोणतं खोकलं, हे तो पाठमोरा बसून सांगायचा. जमीन थोडी आली वाट्याला, पण कान मात्र पुरे आले. सातवीत शाळा सुटली आणि शिरूरच्या स्टँडमागं इब्राहिम मिस्त्रींच्या दुकानात मी फ्रीज पुसायला लागलो. त्यांना मी मामा म्हणत आलो.

फ्रीजचा आजार कसा ओळखतात, ठाऊक आहे? स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवायचं आणि त्याची मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. मामा आधी ऐकायचे, मग मूठ माझ्याकडे द्यायचे. "सांग."

"व्हॉल्व्ह गेलाय मामा."

"व्हॉल्व्ह गेला असता तर तुझ्या अकलंगत खुळखुळला असता. नीट ऐक."

पुढं मी माझं दुकान काढलं, तरी अडलेला कॉम्प्रेसर आम्ही दोघांनी ऐकल्याशिवाय उघडला नाही. आधी ते ऐकायचे, मग मी, आणि दोघांनी एकदम बोलायचं. दहातल्या नऊ वेळा एकच शब्द निघायचा.

मग ही फ्रीज बनवणारी कंपनी आली आणि कंपनीबरोबर बोंद्रेसाहेब आले. माणूस गोड, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी यांनी स्वतःची गाडी पुण्याला पाठवली होती. ते मी विसरणार नाही. साहेब म्हणाले, मेकॅनिकांची संघटना हवी. प्रशिक्षण मिळेल, अवजारांच्या पेट्या मिळतील. वर्गणीची पहिली अकरा रुपयांची पावती मामांनीच स्वतःच्या नावानं फाडायला लावली. "पोरा, तू अध्यक्ष व्हय. मला भाषण जमत न्हाई."

आता गॅसचं सांगतो. फ्रीजमधला जुना गॅस आभाळाच्या छत्रीला भोक पाडतो, म्हणून तो जाणार हे ठरलं होतं. त्याच्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक होता आपल्या कंपनीच्या भावकीतल्या दुसऱ्या कंपनीचा. तो भोक पाडत नाही, पण धुरापेक्षा हजारपट जास्त पृथ्वी तापवतो. दुसरा आपल्या स्वयंपाकाच्या सिलेंडरचा चुलतभाऊ. स्वस्त, तापवतो जवळजवळ काहीच नाही, आणि कुणाच्या मालकीचा नाही. खोट एकच, तो पेट घेतो, म्हणून जपून काम करावं लागतं. मामा पुण्याला जाऊन पंधरा दिवस ते शिकून आले होते. दोन वर्षांत त्यांनी साठ-सत्तर फ्रीज भरले. एक ठिणगी उडाली नाही.

नव्व्याण्णवला दिल्लीत सरकारची बैठक होती. सरकारनं कोणत्या गॅसला हात द्यायचा, ते ठरणार होतं. कंपनीनं आपली माणसं पुढं केली नाहीत. साहेब मला म्हणाले, "संपतराव, आमचं कोण ऐकणार? तुम्ही गरीब मेकॅनिकांचा आवाज." दोन दिवस पुण्याच्या हॉटेलात माझा सराव झाला. दुसरा गॅस धोक्याचा आहे, खेड्यातला मेकॅनिक त्यात जळून मरेल, असे मुद्दे लिहून दिले. शेवटी साहेबांनी विचारलं, "आपल्या भागातलं एखादं उदाहरण आहे का?"

साहेब, तुम्ही फक्त उदाहरण मागितलंत. नाव मी दिलं.

मामांचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला आहे. सगळ्या शिरूरनं तो पाहिलाय. घरात रॉकेलचा स्टोव्ह भडकला, तेव्हा इमामबी मामींच्या अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी तो पेटता उचलून बाहेर नेला, त्याची ती खूण. हे मला ठाऊक होतं. मामींनी त्यांना मलम लावताना मी शेजारी बसलेलो होतो. आणि दिल्लीत माईकवर मी काय सांगितलं? आमच्या इथले एक जुने मिस्त्री, त्या गॅसनं त्यांचा हात गेला.

एका बाईसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आपके कितने सदस्य हैं?"

"तीन सौ चालीस," मी ठणकावून सांगितलं.

त्या दुसऱ्या गॅसला हात द्यायचा विषय पुढं ढकलला गेला. पुण्याचा प्रशिक्षणवर्ग वर्षभरात बंद पडला. इथल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला, 'शिरूरच्या मेकॅनिकनं दिल्ली हलवली', आणि खाली त्या भाजलेल्या हाताची गोष्ट. ते कात्रण मी काच लावून दुकानात टांगलं. आल्या-गेल्याला सांगायचो, तीनशे चाळीस माणसांचा आवाज होतो मी.

मामांनीही ते कात्रण वाचलं. त्याआधी त्यांच्या गिऱ्हाइकांनी वाचलं. "तुमचा गॅस काढून घ्या," म्हणून लोक फ्रीज टेम्पोत घालून आणू लागले. मामा माझ्या दुकानाच्या पायरीवर आले, वर चढले नाहीत.

"हात माझा भाजला, संपत. कशानं, ते तुला ठावं हाय."

"मामा, ते नुसतं बोलायचं म्हणून..."

"आता मी काय करू? गिऱ्हाइकापुढं स्टोव्ह पेटवून दाखवू?"

त्यांनी अकरा रुपयांची पावती घडी घालून पायरीवर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि गेले. सहा महिन्यांत दुकान बंद करून ते दौंडला लेकीकडे, अफरीनकडे, राहायला गेले.

तेव्हापासून नऊ वर्षं मी एकटाच ऐकतो. धंदा वाढलाय, चार पोरं कामाला आहेत, गुणी आहेत, पण त्यांच्याकडे यंत्रं आहेत. त्यांना मूठ कानाला लावायची गरज पडत नाही. कधी कधी आवाज ऐकून झाल्यावर माझा हात आपोआप बाजूला जातो, मूठ कुणाला तरी द्यायला.

गेल्या आठवड्यात या समारंभाची पत्रिका घेऊन दौंडला गेलो. मामींनी ओळखलं. "बस भाऊ. ते बाहेर गेलेत."

"कवा येतील?"

"सांगून न्हाई गेले."

आतल्या खोलीतून तांब्याच्या नळीवर कानस फिरवल्याचा आवाज येत होता. ती कानस धरायची ढब मी हजारांत ओळखीन. मी बोललो तसा तो आवाज थांबला. मग भिंतीच्या त्या बाजूला ते ऐकत होते आणि या बाजूला मी. माफी मागायला गेलो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच, "मामांना सांगा, शनिवारी जेवण हाय." चहा पिऊन उठलो. फाटकापर्यंत कान मागं ठेवून चाललो होतो. कानस पुन्हा सुरू झाली नाही.

आता कामाचं. साहेबांनी मला आज वाचायला एक ठराव टाइप करून दिलाय. त्यात म्हटलंय, पृथ्वी तापते आहे आणि त्याची आम्हा मेकॅनिकांना फार काळजी वाटते, म्हणून तापवणारा गॅस सरकारनं लवकर बंद करावा. गंमत बघा, हा तोच गॅस, ज्याच्यासाठी मी दिल्लीला गेलो होतो. आता कंपनीच्या नव्या फ्रीजमध्ये मामांचा गॅस येतो. त्याला माझी ना नाही. हे वाक्य खरं आहे, नऊ वर्षांपूर्वीही खरं होतं. पण खाली दुसरं कलम आहे. तो गॅस भरण्याची परवानगी फक्त कंपनीचं प्रमाणपत्र असलेल्यांनाच द्यावी. म्हणजे ज्यानं या तालुक्यात तो पहिल्यांदा भरला, त्याला नाही.

साहेब, रागावू नका. तुम्ही तुमची नोकरी इमानानं केलीत. पण यावर मी शिक्का मारणार नाही. हा शिक्का तुम्हाला परत देतो, तुमच्याच पैशाचा आहे.

दिल्लीत तुमची भरभराट होवो. तिथल्या थंडीत तब्येत सांभाळा. अध्यक्षांनी मला मध्येच बसवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पाहुण्यांनी न कळता ऐकलं, त्यांचे जास्त आभार. सत्काराच्या दिवशी घरचं भांडण काढलं असं कुणाला वाटलं असेल, तर शिकलेल्या माणसानं अडाण्याला करावं तसं मला माफ करावं.

राहता राहिली ती तीनशे चाळीस नावांची यादी. ती कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या वॉरंटी कार्डांवरून उतरवलेली आहे. तिच्यात माझी आई भामाबाईसुद्धा मेकॅनिक आहे. संघटनेच्या पावती पुस्तकात बारा वर्षांत दोनच पावत्या फाटल्या. पहिली इब्राहिम मिस्त्रींची, ती परत आली. दुसरी माझी.