चाळीस पानं आणि एक 'हो'

"बाही अर्धा इंच कमी करू."
"जुन्या कंपनीला पाचपर्यंत कळवायचंय."
"हात खाली सोडा, साहेब."
"परत आलो तर दीडपट पगार देतायत, चैताली."
"श्वास ओढू नका. पोट आहे तेवढं राहू द्या."

कसबा पेठेत शिंप्याकडे माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. त्याच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा, वकिलाचा काळा कोट होता.

"धम्मदीप, इंजिनिअरची नोकरी तू का सोडलीस?"
"माहितीये तुला. कोर्टात तज्ज्ञ म्हणून गेलो, चाळीस पानांचा अहवाल घेऊन. समोरचा वकील म्हणाला, फक्त हो की नाही सांगा. भिंत पडली तेव्हा पाऊस होता?"
"मग?"
"'हो' म्हणालो. भिंतीत सळयाच नव्हत्या, ते कोणी विचारलंच नाही."
"आता मी विचारते. फक्त हो की नाही. तो प्रश्न तुला स्वतः विचारायचा होता?"
"हो, पण पोरीची शाळा..."
"पण नाही. कंपनीत बसून विचारता येईल?"
"नाही."
"परत जायचंय?"
"त्याची जरा पार्श्वभूमी सांगतो..."
"साहेब, हलू नका. टाचणी आहे."
"हो की नाही?"
"नाही."
"लाव फोन."
"कोट काढून बोलतो."
"राहू दे अंगात. आवाज बरा येतोय तुझा."

मास्तरांनी मला नंतर सांगितलं: कोर्टाच्या बाररूममध्ये वकिलांच्या कोटांची अदलाबदल होते, म्हणून आतल्या बाजूला त्याचं नाव शिवायला तिने कापड देतानाच सांगून ठेवलं होतं.