काकाचा एकुलता इंग्रजी शब्द

आमच्या थोरल्या काकाला इंग्रजीतला एकच शब्द येतो, अ‍ॅडजस्ट. मोहोपाड्याच्या कारखान्यात मशीनचा पट्टा सैल झाला की साहेब तसं म्हणायचा, तिथून यानं तो शब्द घरी आणला. मग कशेळ्याच्या एसटीत दोघांच्या बाकावर चौथा बसवायचा तरी अ‍ॅडजस्ट, आणि शेजाऱ्याच्या शेताचा बांध हातभर सरकवायचा तरी अ‍ॅडजस्ट. मी कॉलेज सोडलं तेव्हा म्हणाला, "पोरगा अ‍ॅडजस्ट झाला नाय."

त्यानंच माझ्या बहिणीला, सुमनला, स्थळ आणलं. ती अठराची, नवरा पस्तिशीचा. बैठकीत सुपारी काढून ठेवली होती. ती एकदा फोडली की लग्न ठरलं. कुणीतरी वयाचा विषय काढला, तर काका म्हणाला, "पोरगी करंल अ‍ॅडजस्ट." सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

चहा घेऊन आलेल्या सुमननं सरळ नवऱ्यालाच विचारलं, "माझा नर्सिंगला नंबर लागलाय. तीन वर्षं थांबाल?"

"तवर भाकऱ्या कोन थापंल?"

"आता कोन थापतंय?"

"आई."

"मंग तुमाला बायको नकोच हाय. भाकरीला बाई ठेवा."

पाहुणे पोहे संपवून उठले. सुपारी ताटात तशीच राहिली. काका माझ्यावर उखडला, "भाऊ ना रं तू हिचा? आता हिचं काय करायचं?"

मी म्हटलं, "सोमवारी हजर व्हायचंय तिला. मी एसटीत बसवून येतो."