फुर्मीची शिंगं

—नाही नाही, टेका हो तुम्ही. तुमची गाडी कुठं पळून चाललीय? पोलीस वर आल्याशिवाय ती जागची हलायची नाही, आणि खालच्या सिओं शहरातून इथवर यायला त्यांना अजून अर्धा तास तरी लागणार. चीज घ्या. घ्या हो, विष नाही घातलेलं. हात धुतलेत मी — हे होय? नखात राहिलं. रक्त वाळलं की असं धरून बसतं, वासरं ओढून काढताना आमचं रोजचंच आहे ते. पण हे सेराफिनचं. माझ्या भावाचं. तुम्ही पाहिलंतच की. चाळीसच्या चाळीस जणांनी पाहिलंत, आणि तुम्ही तर फोन वर धरून.

तुमच्या त्या गाइडला, झिलला, मी डाव हाणला ते मात्र बरं केलं. हो, हाच, सुपाचा. ओठ फाटला ना त्याचा? फाटू दे, आणखी दोन हाणायचे राहिलेत. माझा भाऊ चिखलात पडलाय, हेलिकॉप्टरचा पत्ता नाही, आणि हा मेला टाळ्या वाजवून म्हणतो, 'मंडळी, इकडे या, आपण चीजचं तळघर बघू या!' — तळघर! दर गुरुवारी येतो, चाळीस माणसं उतरवतो, सूप, घंटा, गाईबरोबर फोटो, पाऊण तासात चला पुढच्या गावाला. आजवर मी कधी तोंड उघडलं नाही. यंदा त्याच्या डोक्यात किडा वळवळला — 'लेओंतीनमावशी, लोकांना गाईंची झुंज दाखवू.' जुलैत! अरे, झुंज जूनमध्ये. कळप कुरणावर चढला की पहिल्याच दिवशी गाई आपापसात ठरवून टाकतात राणी कोण ते, मग सगळा उन्हाळा कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. जुलैत झुंज हवी तर दुसऱ्या कुरणावरची राणी आणायची — आणि दोन राण्या एका कुंपणात घालायच्या, हा अडाणीपणा आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा करायचं नाही. आम्ही केला. मी आणि सेराफिन, दोन म्हाताऱ्यांनी.

का म्हणजे? घंटेपायी. ती मोठी, पितळी, रुंद पट्ट्याची — आमच्या बाबांची. मरताना म्हणाले, तुम्हा दोघांत ज्याची गाय जिंकेल तिच्या गळ्यात बांधा. अकरा वर्षं सेराफिनच्या गाईंच्या गळ्यात. अकरा वर्षं हो! शेजारच्या कुरणावर ती वाजायची आणि मला इथं भाकरी गोड लागायची नाही. यंदा माझ्याकडे फुर्मी. फुर्मी म्हणजे मुंगी — हसू नका, सहाशे किलोची आहे, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ते नाव. जूनमध्ये तिला सेराफिनच्या कुरणावर झुंजीला नेली, तर त्याच्या गाईने, बारोनने, तिला कुशीत अशी धडक दिली की पाचव्या दिवशी पोटातलं वासरू पडलं. कालवड होती. मी पुरून आले, हाताची माती झटकतेय, तर हा कुंपणावर कोपरं टेकून म्हणतो, 'ताई, पुढच्या वर्षी बोकड आण.' बोकड! तिथंच फावडं घालणार होते डोक्यात. घालायला हवं होतं, इतक्या जवळ होता. नाही घातलं. फुर्मीला घेऊन इकडच्या कुरणावर परत आले, इथं ती राणी झाली, आणि झिल विचारायला आला तेव्हा मीच त्याला म्हणाले, सेराफिनला सांग, हिंमत असेल तर आण तुझी बारोन.

मग त्या दोघी भिडल्या. कपाळाला कपाळ लागलं तेव्हा तुम्ही मागं सरलात, दिसलं मला. तसा आवाज तुमच्या दिजों शहरात कुठून ऐकायला मिळणार. माती उडाली, बारोनचा कान फाटून लोंबला, खांद्याचं कातडं उघडलं — रक्त बघून तुमच्यातल्या त्या टोपीवाल्या बाई रडायला लागल्या, आणि मी काय करत होते? ओरडत होते. 'फाड तिला, फुर्मी, फाड!' फोनमध्ये असेल ते. असू दे. मला बारोनची आतडी बाहेर बघायची होती, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे मी रोज धार काढली की काचेच्या तुकड्याने — म्हणजे — शिंगं साफ करायची असतात हो, किडतात. सगळेच करतात. करायचे. पूर्वी.

बरं, तासली. टोकं बोथट ठेवायचा नियम आहे, मी तासली, सुईसारखी केली, आणि पांढरी चमकू नयेत म्हणून वर काजळी आणि शेण चोळलं. बारोनसाठी! माणसासाठी नव्हे! आणि बारोनचं काय झालं? पाठ फिरवली आणि गेली पलीकडे. हरलेली वळली की जिंकलेली थांबते, आमच्या गाई अशाच. फुर्मी थांबली. संपलं होतं सगळं, साहेब. माझी गाय जिंकली होती.

मग सेराफिन आत कशाला गेला? सांगा ना. बारोनच्या गळ्यातली घंटा सोडली, हातात घेऊन फुर्मीकडे चालायला लागला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला — मी त्या टोकाला, फाटकाशी, सगळा कळप बिथरलेला, घंटांचा हा गोंधळ, काही ऐकू आलं नाही. मला वाटलं शिव्या देतोय. वाटलं, तीच घंटा माझ्या गाईच्या तोंडावर मारणार. शिंगांना किती धार आहे ते तिथं मला एकटीलाच माहीत होतं. तोंड उघडलं होतं मी. 'सेराफिन, लांब हो' — तीन शब्द लागतात. आणि म्हटलं, लागू दे जरा. एवढंच मनात आलं, लागू दे जरा. तो वाकला, घंटा वाजली, फुर्मीने मान झटकली. बोथट शिंग असतं तर एखादी बरगडी मोडली असती, आठ दिवसांत उठला असता. इथं घुसलं, बरगडीखाली, वीतभर. तो नुसता बसला हो चिखलात, दमल्यासारखा. हेलिकॉप्टर उतरलं तोवर संपला होता.

ती करवत? ती — तुम्हाला आत उगाच नाही बोलावलं. पोलीस यायच्या आत टोकं कापून टाकणार होते. म्हटलं, आधी बघावं यांच्या फोनमध्ये शिंगं दिसतात का. दिसत असली तर फोन या भट्टीत. तुम्हाला ढकलावं लागलं असतं तर तेही केलं असतं, माझे दंड बघा.

दाखवा. इकडे धरा, चष्मा नाही माझा. हां, हा आला. थांबा — आवाज मोठा करा. तो बोलतोय ना इथं? तुमच्या समोरनंच गेला तो. मोठा करा!

परत लावा.

काय म्हणाला? तुम्ही सांगा. नाही, तुम्ही म्हणून दाखवा. 'हरलो गं ताई. ये ना, दोघं मिळून बांधू.' असंच ना? ये ना म्हणाला? फुर्मी माझ्या हाताखाली हलत नाही हो. मी मान धरली असती तर ती हलली नसती. हाक मारली त्याने, आणि मी तिथं फाटकाशी —

नको. पुन्हा नका लावू. बंद करा ते.

पोलिसांची गाडी आली वाटतं. उठा तुम्ही. फोन खिशात ठेवा, जपून ठेवा. शिंगं तासलेली ही काच इथं टेबलावरच राहू दे, त्यांना दिसेल अशी. जाताना करवत तेवढी खुंटीला अडकवा, आणि दार उघडं टाका. बघताय काय? जा म्हणते ना.