पुजलेला कॉम्प्रेसर

मी, सौ. माधवी दिनकरराव पौळ, वय ५८ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), व्यवसाय आइस्क्रीम व दुग्धपदार्थांची विक्री, राहणार स्टेशन रस्ता, सेलू, जि. परभणी. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते ते असे. मला बसायला सांगितले होते, परंतु मी उभ्यानेच सांगत आहे.

वरील पत्त्यावर मी पती, मुलगा व सून राजेश्री यांच्यासह राहते. खालच्या मजल्यावर आमचे दुकान असून त्यात एक मोठा डीप फ्रीजर आहे. वालूर येथील येडबा हे मेंढ्या राखतात. त्यांची मुलगी चंदा हिचे उद्या वालूर येथे लग्न आहे. पंगतीत आइस्क्रीम असावे, एवढा एकच हट्ट तिने धरला होता. ते आइस्क्रीम पुरवण्याचे मी कबूल केले आहे.

गेल्या आठवड्यात मी डोळे तपासण्यासाठी परभणीला गेले असता मागे फ्रीजर बंद पडला. कॉम्प्रेसर घुमायचा आणि टक् आवाज करून थांबायचा. राजेश्रीने बन्सीधर, राहणार झरी, यास बोलावले. तो या भागात फ्रीज दुरुस्तीची कामे करतो. कॉम्प्रेसर जळाला, असे त्याने तिला सांगितले, दुसरा बसवला, गॅस भरला व काढलेला कॉम्प्रेसर भंगार म्हणून घेऊन गेला.

मी परत आले तेव्हा फ्रीजर अखंड चालत होता, तरी माल घट्ट होत नव्हता. मागे पाहिले तर आत घरगुती फ्रीजचा लहान कॉम्प्रेसर, कंपनीची पाटी खरवडलेली, वरून ताजा काळा रंग, आणि इतका तापलेला की हात ठेवता येईना. तिथेच केरात मला माझ्या मशीनचा जुना कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर देणारा छोटा भाग, सापडला. तो फुगलेला होता. कॅपॅसिटर गेला की कॉम्प्रेसर नेमका असाच घुमतो आणि टक् करून थांबतो. म्हणजे बिघाड मुठीत मावणाऱ्या वस्तूचा होता. बहुतेक माझा कॉम्प्रेसर धडधाकट होता आणि तो धडधाकट गेला होता. राजेश्री रडू लागली. आता रडायला वेळ नाही, असे मी तिला सांगितले.

आज सकाळी आइस्क्रीम मऊ पडू लागले, म्हणून सगळे डबे टेम्पोत घालून मी वालूरला नेले. तेथे सुलाबाई यांचे किराणा दुकान आहे व त्या माझा माल विकतात. त्यांचा फ्रीजर नुकताच दुरुस्त झाला होता. त्यात डबे ठेवले. सुलाबाई म्हणाल्या, "ताई, आता बघा गंमत. लय गार करायलाय. आधी बर्फ धरायचा न्हाई, आता झाकण वढायला दोन मानसं लागायलेत." आमचे जेवण होऊन पान लावेपर्यंत डबे पुन्हा कडक झाले. दुरुस्ती कोणी केली, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "झरीचा बन्सीधर. जुनाच बसवतो म्हनला, पन वाघ हाय म्हनला."

मी तत्काळ फ्रीजर भिंतीपासून ओढला व मोबाइलचा उजेड पाडून मागे वाकले. आत काळाभोर रंगवलेला मोठा कॉम्प्रेसर होता आणि त्याच्या मधोमध लाल रंगात "श्री" होते. ते अक्षर माझे आहे. दर खंडेनवमीला मी दुकानातील मशिनांची पूजा करते. नुसते कुंकू थरथरीने गळून पडते, म्हणून मी ते ऑइलपेंटमध्ये कालवून ब्रशने लावते. रंग देणाऱ्याने अक्षराच्या प्रत्येक वळणाभोवती बारीक ब्रश फिरवून पूजेला काळ्याचा ठिपकासुद्धा लागू दिला नव्हता. हे पाहून मी जोरात टाळी वाजवली. "ताई, इंचू चावला का काय?" असे म्हणत सुलाबाई धावत आल्या.

फ्रीजर बंद पडला आहे, लगेच ये, असा फोन मी सुलाबाईंकडून बन्सीधरला करवला. तो मोटारसायकलवर आला. मला फ्रीजरमागे बसलेली पाहून "काकू, तुमी इथं?" एवढेच बोलला. मी म्हणाले, "ये बाबा, दर्शन घे." त्याने वाकून पाहिले आणि सवयीने हात जोडले. हे सुलाबाईंनी व दुकानातील गिऱ्हाइकांनी पाहिले आहे.

सगळा रंगवलास, मग एवढेच का सोडलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, "काकू, पुजेल वस्तू हाय. त्याच्यावर काळा रंग मारून पाप कुठं फेडू?" मी म्हणाले, "आणि चोरलीस, त्याचं काय?" तो म्हणाला, "ते धंद्यात आलं." गिऱ्हाइके हसली. मी हसले नाही.

टेम्पो परत गेला होता. त्यामुळे त्यालाच मोटारसायकल चालवायला लावून मी मागे बसले व त्याला थेट येथे आणले. "काकू, मिटवून घ्या की," असे तो वाटभर म्हणत होता. समोर बघून चालव, असे मी त्याला सांगितले.

कॉम्प्रेसर आजच काढून जप्त करावा लागेल, असे ठाण्यातील जमादार म्हणतात. माझा त्यास विरोध आहे. तो काढल्यास चंदाचे आइस्क्रीम उद्या पंगतीआधी पाणी होईल. पंचनामा चालू मशीनवर करता येतो. फोटो घ्यावेत, सील लावावे, पाहिजे तर शिपाई बसवावा. त्यालाही आइस्क्रीम मिळेल. माझी वस्तू मला परत हवीच आहे, परंतु उद्या शेवटची पंगत उठेपर्यंत ती सुलाबाईंकडे चालू राहू द्यावी. त्यानंतर ती काढण्यासाठी बन्सीधरलाच आणावे. "श्री"ला ओरखडा न पाडता ती काढणारा दुसरा कारागीर मला माहीत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात कॅपॅसिटरच्या जागी कंडेन्सर लिहिले होते. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून मी ते दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर असून खरे आहे. खाली सही करत आहे.