तिसऱ्या कडव्यातला ठोका

रुक्माबाई : ...दोघी सवती एका चुलीवर सयपाक करून राहिल्या, तसं ऐकू येतंय मला. एकीनं पातेलं उचललं की दुसरी आदळते.

प्रज्ञेश : तेच तर जुळवून राहिलो ना, आजी. थांब जरा.

रुक्माबाई : सकाळपासून थांबलेच हाये. भीमजयंतीचं पांढरं लुगडं नेसून तयार बसले, तिकडं हळद उन्हात पडली, तिला कोणी पालटलं न्हाई. आन् तू इथं तुह्या आज्याला पुढं ढकल, मागं ओढ. जित्तेपणी कोणाची हिंमत झाली न्हवती.

प्रज्ञेश : आबाला न्हाई, बेसला ढकलून राहिलो. हे बघ. ह्या चकतीत आबाचं गाणं, ह्या चकतीत बेस, छातीत धमधम वाजते तो. हेडफोन एका कानाला, दुसरा कान उघडा. एका कानात आबा, दुसऱ्यात बेस. दोघायचा ठोका एकावर एक पडला पाहिजे. पडला की ऐकणाऱ्याला एकच गाणं वाटते. न्हाई पडला की...

रुक्माबाई : सवती.

प्रज्ञेश : व्हय. सवती.

रुक्माबाई : मंग ते मशीन काहून करत न्हाई? तुहा तो साऊंडवाला विकास मनला होता, मशीन सगळं आपोआप करते, पोरगं नुसतं गॉगल लावून उभं राहते.

प्रज्ञेश : नव्या गाण्याचं करते. नवं गाणं मशीनमधूनच निघालेलं असते, त्याचा ठोका पट्टीनं आखल्यावानी. आबाचं गाणं टेपवर भरलेलं. पेटी, ढोलकी, माणसं. मशीनला त्यातला ठोकाच सापडत न्हाई. एकदा एक सांगते, दुसऱ्यांदा भलतंच सांगते. ते कानानंच धरावं लागते.

रुक्माबाई : मशीन शहाणं मनायचं. मला बी तुह्या आज्याचा ठोका कधी सापडला न्हाई. मी जेवायला वाढलं की तो गाणं जुळवायला बसायचा, मी झोपले की त्याला भूक लागायची.

प्रज्ञेश : पहिलं कडवं जुळलं पण. ऐक.

रुक्माबाई : ...हं. हे बराबर हाये. माहा पाय हलू राहिला.

प्रज्ञेश : बघ! आन् दुसऱ्यात जरा सुटते, पण चकतीला बोट लावलं की येते ठिकाणावर. तिसऱ्यात जाते. रोज जाते. तिथं आलं की माहे हातच काम करत न्हाईत.

रुक्माबाई : तिसऱ्यातच त नाव येते.

प्रज्ञेश : म्हणून त मरून राहिलो.

रुक्माबाई : मरू नको, जुळव. मी शेजारच्या मिराबाईला सांगून आले, वेशीपाशी उभी राय मनलं, आज कान धुऊन ये. गाणं ह्या गल्लीतलं शेंबडं पोरगं बी म्हणते. पण केलं कोणी, इचारलं त काय म्हणतात? जुनं हाये, असंच चालत आलं. असंच चालत आलं! माह्या घरात, माह्या चिमणीच्या उजेडात, माहं रॉकेल जाळून केलेलं गाणं, असंच चालत आलं. मिराबाई त तोंडावर मनली, तुमच्या मालकाचं कशावरून? म्हणून त करणारा शेवटल्या कडव्यात आपलं नाव गुंफते. पण म्हणताना लोकं दोन कडवी म्हणतात आन् टाळ्या वाजवून मोकळे व्हतात. आज मिरवणुकीच्या गाडीवर वाजन, अख्ख्या गावात वाजन. मंग बघू तिचं तोंड.

प्रज्ञेश : तू असं बोलली की मला अजूनच जमत न्हाई.

रुक्माबाई : बरं, न्हाई बोलत. लाव परत. मी सांगते तुला, तो कधी पळन आन् कधी थांबन. एवढी वर्सं त्याच्या दम्यासंगं संसार केला, त्याचा श्वास मला न्हाई कळणार त कोणाला कळन?

(गाणं दुसऱ्या कडव्यापासून लागतं. त्याच्याखाली बेस.)

रुक्माबाई : हं... आता दम घेईल. घेतला. आता पळन बघ. ढकल.

प्रज्ञेश : ढकललं.

रुक्माबाई : बराबर. चालू दे... चालू दे... आता खांदे वर करन.

प्रज्ञेश : टेपवर खांदे कुठं दिसतात?

रुक्माबाई : मला दिसतात. ढकल!

प्रज्ञेश : आलं! आजी, आलं! अजिबात सुटलं न्हाई! असंच सांगत राय, तिसरं आलं बघ.

रुक्माबाई : आलं. आता... खोकला आला. गिळला त्यानं. आता ओढ मागं. न्हाई, न्हाई, ढकल. अरे ओढ!

प्रज्ञेश : ओढू का ढकलू?

रुक्माबाई : दोन्ही!

प्रज्ञेश : दोन्ही कसं करू? गेलं... गेलं बघ. सगळं गेलं.

रुक्माबाई : बंद कर ते. कोणी भांडे फेकून मारून राहिल्यावानी वाटते.

प्रज्ञेश : आता मला कळलं काय होते ते. इतके दिवस वाटायचं माहा कान कच्चा. कान कच्चा न्हाई, आजी. तिसऱ्या कडव्यात ढोलकी एकीकडं हाये आन् आबा दुसरीकडं. ढोलकी पळून राहिली, आबा मागं राहिला. मी ढोलकी धरली त आबा सुटते, आबाला धरलं त ढोलकी. धरू कोणाला?

रुक्माबाई : परत वाजव. बेस नको. नुसतं त्यायचंच वाजव.

प्रज्ञेश : ऐक.

रुक्माबाई : ...सोनाजी हाये हा. ढोलकीवर सोनाजी असायचा. समोरच बसायचा तुह्या आज्याच्या. त्याला दिसलं असंल, ह्याचा दम संपला म्हणून. त्यानं हात जलद केला. संपव लवकर, उतर खाली, असं. आन् हा उतरत न्हाई! नाव घेतल्याबिगर उतरणार न्हाई. रेंगाळते, रेंगाळते, एकेक अक्षर ठेवते. एक म्हणते चल, एक म्हणते थांब.

प्रज्ञेश : मंग चुकलं कोण?

रुक्माबाई : कोणीच न्हाई. हीच त तकलीफ हाये.

प्रज्ञेश : मी काय करू मंग?

रुक्माबाई : सोनाजी असता त त्याला इचारलं असतं, कुठं सोडलंस, कुठं धरलंस. तो गेला. पेटीवाला गेला. मी उरले, आन् मला ढोलकीतलं कद्दू कळते.

विकास : जय भीम, मावशी! क्या रे प्रज्ञेश, अभी तक इधरच? ट्रक वेशीत लागला, जनरेटर चालू हाय, समितीवाले माझ्या टाळक्यावर बसलेत.

रुक्माबाई : जय भीम. चप्पल हळदीवर नको रे बाबा. खायची हाये ती.

विकास : सॉरी, सॉरी. जमलं का रे तिसरं?

प्रज्ञेश : न्हाई, विकासभाऊ. त्या दोघायचाच ठोका एक न्हाई.

विकास : मी तुला कवाच बोललो होतो. बाकी तुझा कान मस्त तयार झालाय, पण हे गाणं कानानं होण्यासारखं नाय. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर सरळ करून ठेवलंय. एकदम चकाचक. मावशी, तुम्ही ऐका, हा हेडफोन घ्या.

रुक्माबाई : ...हे कोण गाऊन राहिलं?

विकास : अमृतरावच की, मावशी! फक्त ठोक्यावर बसवलंय.

रुक्माबाई : मधातला खोकला कुठं गेला?

विकास : साफ केला. कचरा होता ना तो आवाजात.

रुक्माबाई : कचरा! आन् हे नाव? बकरीच्या गळ्याला दोर लावून ओढल्यावानी काहून करून राहिलं?

प्रज्ञेश : ताणलं असंल त्यायनं, आजी. पुढच्या ठोक्यापर्यंत पुरवायला.

विकास : थोडं ताणावं लागतंच. गर्दीत कोणाला नाय कळत.

रुक्माबाई : मला कळते ना. घे तुहं कानातलं. मी जित्तेपणी त्याला शिस्त लावायला गेले, मला जमलं न्हाई. आता मेल्यावर तू नको लावू.

विकास : मावशी, राग नको. मी पोरासाठीच केलं.

रुक्माबाई : राग कुठं आला मला? राग आल्यावर मी अशी बसून बोलत न्हाई. एक काम कर. तेवढ्या कडव्याला तुमचा तो बेस बंद ठेवा. त्याला एकट्यालाच गाऊ द्या. एका कडव्याला किती वेळ लागते?

विकास : नाय जमत, मावशी. समझो जरा. ट्रकवरचा बेस गेला की लोकांना वाटते मशीनच गेलं. गेल्या साली एका गावात मी हेच केलं, जुनं गाणं, एका बुजुर्गाचं. शिट्ट्या, बोंबा. एकानं चप्पल फेकली.

रुक्माबाई : गाण्यावर?

विकास : माझ्यावर. पण चालू त्या बुजुर्गाचं गाणं होतं ना तवा. मला लई वाईट वाटलं. एक करतो, कडवं सोडा, मी माईकवर नाव पुकारतो. गीतकार, कालकथित अमृतराव. चालंल?

रुक्माबाई : माईकवर नाव देणगीदाराचं घेतात. मंडपाला ताडपत्री देणाऱ्याचं घेतात. त्यानं काही ताडपत्री दिली न्हाई.

विकास : मग तुम्हीच सांगा काय करायचं.

रुक्माबाई : मला माहीत असतं त तुला पाणी न इचारता इतका वेळ उभा ठेवला असता का? पाणी दे रे त्याला, प्रज्ञेश.

विकास : नको, पाणी नको. मी गाडीवर जातो. प्रज्ञेश, ऐक. रेडी असशील त लगेच ये. नसशील त आज मी उभा राहतो, तू खाली वायरी सांभाळ. आजच्या दिवशी मला रिस्क नाय घेता येत. चलतो, मावशी.

रुक्माबाई : हळद! हळद! ...गेला मधातूनच.

प्रज्ञेश : आजी, मी बेस चालू ठेवतो आन् तसंच सोडतो. सुटलं त सुटलं. नाव त येईल.

रुक्माबाई : सुटल्यावर काय व्हते?

प्रज्ञेश : काय व्हणार. नाचणारे थांबतात.

रुक्माबाई : आन्?

प्रज्ञेश : हात वर केलेले तसेच राहतात. गाडीकडं बघतात. मंग एक जण हसते.

रुक्माबाई : कोणाला हसतात? तुला का त्याला?

प्रज्ञेश : मला हसू दे ना. माहं काय...

रुक्माबाई : मी काय इचारलं?

प्रज्ञेश : आवाज त्याचाच चालू असंल, आजी. त्यायला काय माहीत, मागं कोण चुकलं. त्यायला वाटंल, हा म्हातारा बेताल गाऊन राहिला.

रुक्माबाई : बेताल!

प्रज्ञेश : मी अजून एकदा बघतो. एकदाच. तू सांग, मी डोळे मिटून...

रुक्माबाई : ठेव ते. तिसऱ्याच्या नादात दुसरं कडवं बी घालवशील.

प्रज्ञेश : मंग?

रुक्माबाई : दुसरं झालं की काप.

प्रज्ञेश : काय?

रुक्माबाई : काप मनलं. दुसरं कडवं संपलं की तुमचं ते नवं गाणं लाव. सरळवालं. ज्याच्यावर मशीन खूश हाये.

प्रज्ञेश : आजी, तिसऱ्यात नाव...

रुक्माबाई : तिसऱ्यात काय हाये ते तू मला सांगतो?

प्रज्ञेश : मिराबाई उभी असंल वेशीत.

रुक्माबाई : राहू दे उभी. लई वर्सं भांडून राहिली माह्यासंगं. आजचा दिवस तिचा.

प्रज्ञेश : मी पुढच्या जयंतीपर्यंत शिकन. तुही शपथ. रोज बसन.

रुक्माबाई : बस. पण पुढल्या जयंतीला बी तो तसाच गाईल रे. सोनाजी बी तसाच वाजवन. तू कितीही शिक, ते दोघं काही एकमेकाची वाट पाहणार न्हाईत.

प्रज्ञेश : मंग ते कडवं कधीच वाजणार न्हाई का?

रुक्माबाई : मी म्हणीन की. गाडीच्या मागं बाया चालतात, त्यायच्यात चालता चालता. तू दुसरं कापलं, की मी तिसरं धरते.

प्रज्ञेश : तू म्हणशील? त्यात आबाचं नाव हाये. आई म्हणते, तू आजवर कधी त्याचं नाव तोंडातून काढलं न्हाई. लग्नात लोकायनं उखाण्याला अडवलं, तरी न्हाई.

रुक्माबाई : उठ. ते वायरीचं भेंडोळं घे.

प्रज्ञेश : खरंच घेशील नाव?

रुक्माबाई : तुह्या बेसात कोणाला ऐकू येते.