जुनी 'होडी', नवी 'होडी' आणि आमची जानकी

...आणि प्रेम कुठे जमतं म्हणाल, तर पाण्याखाली! अहो, थट्टा नाही करत, तीस फूट पाण्याखाली! तोंडात नळी, पाठीवर टाकी, पायात बदकासारखे ते रबरी पंजे, आणि हिरो बघतोय हिरॉईनकडे, हिरॉईन बघतेय हिरोकडे... आता बोलणार काय? कपाळ? नुसते बुडबुडे! तुम्हाला सांगतो, पाच मिनिटं नुसते बुडबुडे चाललेत आणि लोक शिट्ट्या मारतायत! मी खुर्चीत बसल्या बसल्या म्हटलं, अरे, जुन्याला काय झालं होतं?

जुना पिक्चर म्हणजे 'तिन्हीसांजेची होडी'. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला. आता त्याचाच नवा काढलाय, नाव नुसतं 'होडी'. तिन्हीसांज गेली! नावापासूनच कापाकापी! आणि तुम्ही म्हणाल, तुकाराम, तुझं काय जातंय? तर माझं जातंय! कारण मी काही साधासुधा प्रेक्षक नव्हे. तशी माझी सगळी नोकरी एस.टी.त झाली, कंडक्टर म्हणून रिटायर झालो, पण त्याच्या आधी एक वर्ष मी टुरिंग टॉकीजला होतो. तंबूतला सिनेमा हो! दारात तिकिटं फाडायची आणि आत अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायची, हे माझं काम. आंगणेवाडीची जत्रा आटपली की आमचा तंबू इथे मसुऱ्यातच महिनाभर असायचा, आणि त्या वर्षी महिनाभर एकच पिक्चर, 'तिन्हीसांजेची होडी'. त्रेचाळीस वेळा बघितला मी. त्रेचाळीस! हिरोच्या आधी मला डायलॉग यायचा!

काय पिक्चर होता... हिरो खलाशी, जातो गलबतावर. हिरॉईन रोज तिन्हीसांजेला कंदील घेऊन बंदरावर उभी. एक वर्ष, दोन वर्षं... सात वर्षं! अंगाला अंग लागणं सोडा हो, अख्ख्या पिक्चरमध्ये दोघांची बोटं एकदा लागतात, तीही दोर पकडताना! आणि शेवटी तो येतो. दाढी इथपर्यंत. होडीतून उतरतो. आणि ती काय म्हणते? मिठी? गाणं? छे! ती कंदील वर धरते, त्याचं तोंड बघते, आणि म्हणते, "जेवलास?" संपलं! पिक्चर खलास! तंबूत एक डोळा कोरडा नसायचा. आमच्या गावची गोदूबाई, मासे विकायची, ती टोपली बाजूला ठेवून रोज पुढे वाळूत बसायची आणि रोज त्याच जागेला गळा काढायची, "अगो बाय माझ्या, जेवक घाल गो तेका आधी!" आता मला सांगा, असा पिक्चर असताना परत काढायची गरज काय? जुन्याला काय झालं होतं?

आणि त्याच तंबूत मला बायको मिळाली. हो! आमची जानकी. ती धामापूरची, पण त्या वर्षी मसुऱ्याला मामाकडे आलेली. मामीबरोबर पिक्चरला आली, मी बॅटरी मारली, जागा दाखवली, ती बसली... आणि बॅटरी काही मला तिच्यावरून हलवता येईना! मागून लोक ओरडतायत, "ए बॅटरीवाल्या, पडद्यार मार ती, मेल्या!" ती पाच वेळा आली. पाचही वेळा मी तिला खांबाजवळची चांगली जागा दिली. एक अक्षर बोललो नाही. पण बॅटरीच्या उजेडात तिला सगळं समजलं, आणि दोन महिन्यांत तिचा मामा आपणहून आमच्या दारात! मुलगा पसंत आहे म्हणून! ही गोष्ट मी इतकी वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगत आलोय. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला चहा गार होईपर्यंत सांगितली. आणि जानकी? बाजूला बसून नुसती हसायची. मला वाटायचं, लाजते.

तर आमची मुलगी रश्मी सुट्टीला आलेली, ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या पिक्चरचा रीमेक आलाय, आईला घेऊन जाऊया." मी म्हटलं, मी येणार नाही. मग कपडे घातले आणि गेलो. रविवारी दुपारी तीनचा शो, कुडाळला. काय ते थिएटर! थंडी अशी की जानकीने पदर डोक्यावरून घेतला, आणि खुर्ची मागे टेकलो तर मी सरळ आडवाच! आणि पडद्यावर? हिरॉईन पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवते. हिरो पुण्याचा. कंदील नाही, बंदर नाही, गलबत नाही! बुडबुडे सांगितलेच तुम्हाला. मग दोघं बाहेर येतात आणि दुसऱ्याच गाण्याला... जाऊ दे, रश्मी बाजूला होती, मी चष्मा पुसायला घेतला. चार मिनिटं पुसत होतो.

मी हळूच आपलं सांगत होतो, "इथे जुन्यात ती दोर पकडते... इथे जुन्यात पाऊस नव्हता..." तर मागून एक जण, "ओ काका, जरा गप ऱ्हवा मरे! आमका काय्येक आयकाक येणा नाय!" मला गप्प करतो! त्रेचाळीस वेळा बघितलेल्या माणसाला!

मग इंटरव्हलनंतर हिरो जातो. का जातो? बापाची कंपनी. फोन बंद. मी म्हटलं, आता तरी ही बंदरावर उभी राहील. एक दिवस? अर्धा दिवस? तुम्हाला सांगतो, ही बया अडीच मिनिटं रडली, उठली, पिशवी भरली, आणि थेट पुण्याला, त्याच्या घरी! दारात उभी राहून त्याच्या बापाला सांगते, "तुमच्या मुलाला मागणी घालायला आलेय." मी म्हटलं, झालं! सात वर्षांची तपश्चर्या पिशवीत भरली! वळून जानकीला म्हणायला गेलो, बघितलंस, जुन्याला काय झालं...

जानकी रडत होती.

अशी तशी नाही. पदर तोंडात कोंबून, खांदे हलतायत. अहो, जुन्याला पाच वेळा ती रडली नव्हती! मी बॅटरी मारून बघायचो ना! मला वाटायचं, मनाची खंबीर आहे. मी घाबरलो, म्हटलं, "काय झाला गो? पोटात दुखता?" तिने हाताने गप्प बसायची खूण केली आणि शेवटपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही.

बाहेर आलो. रश्मी गाडी काढायला गेली. मी म्हटलं, "ह्या बुडबुड्यांका रडलंस? आणि आमच्या पिक्चराक कधी टिपूस नाय?"

तर जानकी म्हणते, "त्या पिक्चराक रडतलंय? माका नुसतो राग यायचो! सात वर्षां कंदील घेवन उभी! तिका दुसरा काय काम नाय? बंदरार होड्यो होत्यो ना? बस आणि जा तेका शोधूक!"

"मगे पाच वेळा तंबूत कशाक इललंस?"

"मी काय पिक्चर बघूक इललंय?"

मी आपला खूश. म्हटलं, बघ, बॅटरीच्या उजेडात...

"कसली बॅटरी!" जानकी म्हणाली. "तुमी खंय काय इचारलास? तंबू उठलो, तुमी गेलास वेंगुर्ल्याक. मी पंधरा दीस वाट बघलंय. मगे मीच मामाक सांगलंय, त्या बॅटरीवाल्याच्या बापाशीक जावन इचार, आणि माझा नाव घेव नको. मामा तयार होय ना. मी दोन दीस जेवक नाय, तेव्हा गेलो तो!"

तुम्हाला सांगतो, थिएटरच्या पायऱ्यांवर मी खालीच बसलो. म्हणजे मामा आपणहून नव्हता आला! मी शिमग्यानंतर आईला सांगणार होतो हो... मग म्हटलं गुढीपाडवा होऊ दे... वेंगुर्ल्याला तंबूच्या दारात उभा राहून रोज गर्दीत बघायचो, ही येते का. आणि ही इकडे उपाशी! सगळं माझ्या डोक्यात फिरायला लागलं. हातात उजेड घेऊन उभं कोण राहिलं? मी! उठून मागणी घालायला कोण गेलं? ही! म्हणजे त्या जुन्या पिक्चरमधली हिरॉईन कोण? मीच की!

मी म्हटलं, "मगे इतकी वर्षां बोल्लंस कित्याक नाय?"

ती माझ्या बाजूला पायरीवर बसली. म्हणाली, "सांगताना तुमी इतके खूश असतास... तोंड कसा उजळता तुमचा. माका बघूक बरा वाटायचा."

मी तिचा हात धरला. दिवसाढवळ्या, कुडाळला, चारचौघांत! रश्मी गाडी घेऊन आली आणि काचेतून बघतच राहिली.

घरी येऊन रश्मीने तो जुना पिक्चर शोधून टीव्हीवर लावून दिला. चाळीस वर्षांनी बघितला. फोटोग्राफी सुंदर, गाणी सुंदर, "जेवलास?" ला मला अजून रडू आलं... पण खरं सांगू? कोणाला बोलू नका. मधली सात वर्षं जरा लांबतात हो. तिसऱ्या वर्षी मी म्हणालो, "अगो, जा ना!" आणि जानकीने माझ्याकडे असं बघितलं!

मग मी ठरवलं. म्हटलं, नवा पिक्चर नीट बघितलाच नाही आपण, चष्मा पुसण्यात निम्मा गेला. परत जाऊया. जानकीला म्हटलं तर ती म्हणते, "आमी चललोच आसव रविवारी! बचत गटातल्यो आमी सगळ्यो बायका. शर्मिलान तिकिटा काढल्यान."

मी म्हटलं, "माझा?"

"तुमका खंय आवाडलो?" म्हणाली. "तुमी आमका पोचवा, आणि सुटेपर्यंत भायर गाडयेत बसान ऱ्हवा."

बसतो. करतो काय! वाट बघायचं काम मला चांगलं जमतं म्हणतात.